लोणकढी आणि इतिहास

मराठी भाषेत खऱ्यासाठी शब्द मोजके आहेत. खोट्यासाठी मात्र कोश भरून सांडेल इतके. कंडी पिकते, थाप मारली जाते, बाता झोकल्या जातात, पुडी सोडली जाते. आणि ह्या सर्वांहून कुलीन अशी जी लोणकढी, ती ऐकणाऱ्याच्या पानात अशा बेताने वाढली जाते की, त्याने ती मिटक्या मारीत खावी आणि हात धुतल्यावर त्यास शंका यावी. थाप मारणाऱ्याचा काही स्वार्थ असतो. लोणकढी सांगणाऱ्यास कवडीचा लाभ नसतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यापलीकडे त्याची अपेक्षा नसते. म्हणूनच आम्ही थापाड्यास भितो, पण लोणकढीवाला प्रवासात भेटला की, त्याच्या शेजारची जागा सोडीत नाही.

गेल्या काही वर्षांत नगर जिल्ह्यातून हिंडण्याचा योग आम्हांस वारंवार आला. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी एसटीच्या थांब्यावर ‘नगर’ हाच शब्द अद्याप ऐकू येतो. पश्चिमेस अकोल्याचे सह्याद्रीतील कडे, उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस भीमा आणि मध्ये मैलोगणती ज्वारीची शेते. एवढ्या विस्तारात दंतकथांस जागा अपुरी पडण्याचे कारण नाही. आम्ही त्या ऐकल्या, सवडीने बखरी-तवारिखांशी ताडून पाहिल्या, आणि ‘हे सारे खोटे’ असे म्हणावयास जी जीभ सरसावली होती ती हळूहळू आवरती घेतली. का, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रवासात ऐकलेल्या गोष्टींचे काय करावे, हा प्रश्न आमच्याआधी पुष्कळांस पडला आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकावयास चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरास त्याने पावसाळा काढला. हे तेच जुन्नर, जेथून मलिक अहमदाने पुढे आपले बस्तान हलवून १४९४ साली नगर शहर वसविले. निकितिन आपल्या टिपणांत अळंदच्या बाजूच्या एका पक्ष्याविषयी लिहितो. तो रात्री ज्या घरावर बसून ओरडेल तेथे माणूस मरावयाचा, आणि त्यास मारू जाल तर त्याच्या चोचीतून अग्नी निघावयाचा! वानरांचा एक राजा असून त्याच्यापाशी फौज आहे, हेही त्याने तितक्याच गंभीरपणे नोंदविले आहे. ह्याच्या नेमका उलट असा दुसरा प्रवासी म्हणजे गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. नगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा निकटचा स्नेह होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात वनस्पती व औषधे ह्यांविषयी जुन्या पंडितांनी लिहिलेल्या गोष्टी त्याने स्वतःच्या अनुभवाशी पडताळून पाहिल्या आणि ज्या टिकल्या नाहीत त्या निःसंकोचपणे खोडून काढल्या. एकाने ऐकले ते लिहिले. दुसऱ्याने पाहिले ते लिहिले. शास्त्रास ओर्ता हवा, ह्यात वाद नाही. परंतु त्या काळचे दक्षिणी लोक रात्री कशास भीत होते, हे आज जाणावयाचे झाल्यास निकितिनाकडेच जावे लागते. इतिहासलेखकाला हे दोन्ही प्रवासी आपल्या अंगी बाणवावे लागतात, आणि खरी पंचाईत तेथेच आहे.

नगर शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर, शहा डोंगर नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरची अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत कित्येक कोसांवरून दिसते. तीस सर्व जग ‘चांदबिबीचा महाल’ म्हणते. आम्हांस तेथे नेणारे रिक्षावाले मामा साठीच्या पुढचे असून, गाडीपेक्षा त्यांची जीभ अधिक वेगाने चाले. डोंगर चढेपर्यंत त्यांनी सांगितले की, भुईकोटापासून ह्या महालापर्यंत भुयार आहे आणि त्यातून दोन घोडेस्वार जोडीने जात असत. महाल सात मजली व्हावयाचा होता, म्हणजे सातव्या मजल्यावरून थेट दौलताबाद दिसली असती. आणि येथे उभी राहून राणी मोगलांच्या छावणीतले दिवे मोजीत असे. आम्ही जरा शिष्टपणे म्हणालो, “मामा, हा महाल नव्हे. ही सलाबतखानाची कबर आहे.” मामांनी आम्हांस तळघरात नेले, कबरीवर टॉर्चचा झोत टाकला आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “कबर आहे, साहेब. नाही कोण म्हणतो? पण महाल राणीचाच.”

ह्या उत्तराने आमची तर्कशक्ती काही काळ कुंठित झाली, हे कबूल केले पाहिजे. तेथून आम्ही चांदबिबीच्या इतिहासाकडे वळलो. ती हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० साली तिला वैधव्य आले. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद नगरच्या किल्ल्यास वेढा घालून बसला, तेव्हा किल्ल्याचा सारा भार ह्या विधवा राणीवर होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांतले काही तिने शोधून निकामी केले, परंतु एक उडालाच आणि तटास मोठे खिंडार पडले. सरदारांचे पाय डगमगू लागले असता ती अंगात चिलखत, तोंडावर बुरखा व हातात नागवी तलवार अशा वेशाने खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर लढाई झाली. रातोरात खिंडार बुजविले गेले. आणि अखेर १५९६ साली वऱ्हाड पदरात घेऊन मुरादास परतावे लागले. हा झाला फिरिश्त्याच्या तवारिखेचा आधार असलेला इतिहास.

आता लोकांचा इतिहास ऐका. किल्ल्यातले गोळे संपले, तेव्हा राणीने तोफांत तांब्याचे पैसे भरले. ते संपल्यावर रुपये. ते संपल्यावर मोहरा. आणि शेवटी आपल्या अंगावरचे जडजवाहीर तोफेच्या तोंडी देऊ लागली, तेव्हा कोठे तह झाला! ही कथा आमच्या मामांनी रचलेली नव्हे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात ती नगरची प्रचलित दंतकथा म्हणून नमूद केली आहे. वेढ्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिणाऱ्या खाफीखानानेही चांदीच्या गोळ्यांचा उल्लेख केला आहे, असे तो सांगतो.

प्रथमदर्शनी ही शुद्ध लोणकढी वाटते. परंतु तिच्यातले तांबे खरे आहे! ते फक्त वेढ्यातले नसून एकतीस वर्षांपूर्वीचे आहे. १५६५ च्या जानेवारीत, तालिकोटची म्हणून प्रसिद्ध असलेल्या लढाईत, चांदबिबीचा बाप हुसेन निजामशहा सैन्याच्या मध्यभागी होता. त्याच्या तोफखान्याचा अधिकारी रूमीखान ह्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून जवळ आलेल्या विजयनगरच्या फौजेवर सोडल्या, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. नगर हे तोफा ओतणाऱ्यांचे गाव होते. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मुलुखमैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ साली नगरच्याच महंमद बिन हसन रूमी ह्याने ओतली. अशा गावच्या गोलंदाजांच्या घरी तांब्याच्या थैल्यांची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली असेल, ह्यात नवल काय? बापाच्या रणातले तांबे लेकीच्या तटावर आले. रुपे व सोने लोकांनी पदरचे घातले, असे आम्हांस वाटते. शिवाय त्या क्रमाकडे पाहा. तांबे ही रयतेची चीज, रुपे सावकाराची, सोने खजिन्याचे आणि जवाहीर तर राणीच्या स्वतःच्या अंगावरचे. राज्य वाचवावयाचे तर शेवटी राज्यकर्त्याने स्वतःचे द्यावे लागते, हा सिद्धान्त एखाद्या राजनीतीच्या ग्रंथाने चार प्रकरणे खर्चून सांगितला असता. लोकांनी तो चार गोळ्यांत सांगितला.

येथवर लोणकढी गोड लागते. परंतु तिचा पुढचा घास कडू आहे. चांदबिबीचा अंत कसा झाला, असे मामांस विचारता ते म्हणाले की, शत्रूच्या हाती सापडू नये म्हणून तिने तेजाबाने भरलेल्या विहिरीत उडी टाकली. ही गोष्टही जुनी व सर्वतोमुखी आहे. इतिहास निराळा आहे. १६०० साली मोगल पुन्हा आले. आता किल्ला टिकत नाही, तेव्हा तहाने द्यावा आणि माणसे व बालराजा वाचवावा, असा तिचा विचार होता. ‘राणी मोगलांस फितूर झाली’ अशी आवई उठवून तिच्याच लोकांचा जमाव महालात घुसला आणि त्याने तिचा वध केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. तिने वाचवू म्हटलेली माणसे मोगलांच्या तलवारीखाली गेली आणि बालराजा कैद होऊन गेला.

हे वाचल्यावर तेजाबाच्या विहिरीकडे आम्हांस हसून पाहवेना. ज्या शहराने आपल्या रक्षणकर्तीस मारले, त्या शहराला ती गोष्ट नातवंडांना सांगता येईना. म्हणून विहीर आली. विहिरीत मारेकरी लागत नाही. आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो जमाव धावताना पाहिला असेल, त्यांच्याच वंशजांनी पुढे पंचक्रोशीतली सर्वांत उंच इमारत तिच्या नावे करून टाकली. आमचा हा तर्क कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही, ह्याची आम्हांस जाणीव आहे. तथापि त्या डोंगरावर उभे राहून पाहता तो महाल आम्हांस प्रायश्चित्तासारखा दिसला.

पण प्रायश्चित्ताचा खर्च कोणी सोसला? सलाबतखानाने! मुर्तझा निजामशहासारख्या, ‘दिवाणा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या व महिनेन्‌महिने कोणास तोंड न दाखविणाऱ्या राजाच्या कारकिर्दीत ज्या मंत्र्याने राज्याची घडी बसविली तो हा सलाबतखान. वाटा निर्भय करणारा, न्यायास कठोर आणि बागा-इमारतींचा शोकी असा त्याचा लौकिक होता. फिरिश्ता ह्याच सुमारास नगरास चाकरीस होता, आणि खानाच्या कारभाराची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. १५८९ च्या सुमारास खान वारला. म्हणजे मुरादाच्या वेढ्याच्या कितीतरी आधी. आपल्यासाठी त्याने जागा निवडली ती सर्वांस दिसेल अशी. जागा दिसते, इमारत दिसते, नाव मात्र दुसऱ्याचे! लोकांची गोष्ट एकीस न्याय देते तेव्हा दुसऱ्याचा खिसा कापते, हे विसरून चालणार नाही. दंतकथेची स्तुती करणाऱ्या विद्वानांनी एकदा ह्या तळघरात उतरावे, असे आम्ही सुचवितो.

नगरहून आम्ही दक्षिणेस, श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी पेडगावास गेलो. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ह्या म्हणीतले ते हेच पेडगाव. मोगलांचा सुभेदार बहादूरखान कोकलताश ह्याची येथे छावणी होती, म्हणून ह्यास बहादूरगड म्हणतात. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, शिवाजी महाराजांच्या दोन हजार स्वारांनी छावणीवर चालून जाण्याची बतावणी केली. खान साऱ्या फौजेनिशी त्यांच्या पाठीस लागला, त्यांनी त्यास दूरवर हुंदडविले, आणि इकडे सात हजारांच्या दुसऱ्या टोळीने मोकळी छावणी लुटून एक कोटीचा ऐवज व दोनशे उमदे घोडे नेले, अशी हकीकत इतिहासकारांनी दिली आहे. म्हणीचे मूळही पुष्कळजण ह्याच फजितीत शोधतात.

लक्ष्मीनारायणाच्या प्राचीन देवळापाशी एक वृद्ध शेतकरी बसले होते. आम्हांस पाहताच म्हणाले, “पाव्हणं, वेड पांघरून आला, का शहाणपण घेऊन?” बैठक जमली. बाबांच्या तोंडून ती लूट ऐकणे हा एक सोहळाच होता. घोडे प्रथम दोनशे होते. चहा येईपर्यंत ते दोन हजार झाले. आणि खान परत आला तेव्हा त्याच्या मुदपाकखान्यातली चूलसुद्धा मराठ्यांनी नेली असून फक्त धूर मागे ठेवला होता. आम्ही पोट धरधरून हसलो. मग आम्ही सहज विचारले, “बाबा, संभाजी महाराजांना इथेच आणले होते ना?” बाबांनी काठीने समोरची पडकी भिंत दाखविली आणि म्हणाले, “व्हय. हितंच.” बस्स, एवढेच. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वराहून पकडून आणलेल्या संभाजी महाराजांस ह्याच बहादूरगडच्या छावणीत बादशहापुढे उभे केले, त्यांची विटंबना केली, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा वध झाला. घोडे दसपट करणारी ती जीभ येथे एक अक्षरही वाढवावयास तयार नव्हती. लाजेस गोष्टीचे पांघरूण लागते, आनंदास गोष्टीची झूल लागते. पण निखळ दुःखास दोन्हींची गरज नसते, हे आम्ही पेडगावास शिकलो. शहाणपण घेऊन गेलो होतो की नाही, ते बाबांस ठाऊक; घेऊन मात्र आलो.

उत्तरेस गोदावरीच्या काठी पुणतांबे येथे चांगदेवांची समाधी आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघालेले हे पुरुष म्हणजे आपल्या अद्भुतकथांचे मेरुशिखर होय. तेथील एका भाविकास आम्ही चौदाशे ह्या आकड्याबद्दल भीतभीत विचारले. तो हसून म्हणाला, “शंभर वर्षांचा माणूस पोरीपुढे नमला, तर त्यात काय मोठंसं?” कोरे पत्र पाठविणाऱ्या ह्या योग्यास बालवयाच्या मुक्ताबाईने इतकी वर्षे जगून कोराच राहिल्याबद्दल सुनावले, ही कथा सर्वांस परिचित आहे. आकडा उंच अशासाठी की, पडणे तितकेच खोल दिसावे. कालगणनेच्या तराजूत तो तोलणे म्हणजे सोनाराच्या काट्यावर गवताची गंजी चढविणे होय.

सर्वांत शेवटी आम्ही अकोले तालुक्यात कळसूबाईच्या शिखराखाली आलो. उंची सुमारे ५,४०० फूट. महाराष्ट्रात ह्याहून उंच जागा नाही. आता कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, तथापि आमच्यासारख्यांचा दम मध्यावरच संपतो. तेथे ताक विकणाऱ्या एका आजींच्या पालात आम्ही टेकलो आणि देवीची कथा विचारली. कळसू ही कोळ्याची पोर. तिने पायथ्याच्या गावी एका घरी चाकरी धरली ती अटीवर, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरी पुष्कळ पाहुणे आले आणि मालकाने तीच कामे सांगितली. तिने ती केली आणि तेथून जी निघाली ती डोंगर चढून गेली, पुन्हा खाली उतरली नाही. जेथे तिने भांडी घासली त्या जागेस थाळेमेळ म्हणतात. ही हकीकत १८८४ च्या सरकारी गॅझेटियरातही जवळजवळ अशीच आहे.

आम्ही म्हणालो, “आजी, एवढ्याशा कारणावरून?” आजींनी ताकाचा पेला आमच्यापुढे आपटला. म्हणाल्या, “सांगून ठेवलं व्हतं ना तिनं? मग?”

नगरच्या निजामशहांची फर्माने आहेत, पेशव्यांची दफ्तरे आहेत, कंपनी सरकारचे कागद तर गाडाभर आहेत. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या कोळ्याच्या पोरीशी झालेला करार मात्र कोणत्याही दफ्तरात नाही. तो मोडला, ह्याची नोंद एका डोंगराने ठेवली, आणि ती नोंद करणाऱ्यांनी आपल्या मुलखातले सर्वांत उंच शिखर त्या पोरीच्या नावे केले. कळसू खरोखर होऊन गेली काय, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ‘सांगून ठेवलं होतं ना’ हा प्रश्न विचारणारी माणसे ह्या डोंगरात होती आणि आहेत, एवढे आम्ही शपथेवर सांगू.

मग इतिहासलेखकाने करावे काय? आमचे उत्तर साधे आहे. सांगणाऱ्यास हसू नये आणि ऐकलेल्यावर सहीही करू नये. प्रत्येक लोणकढीस तीन प्रश्न विचारावेत: हिच्यात कोणाचे तांबे आहे, हिच्यावर सोने कोणी चढविले, आणि हिने कोणाचे नाव झाकले? पहिल्या प्रश्नाने घटना सापडते, दुसऱ्याने लोकांचे मन सापडते. तिसरा प्रश्न आपण बहुधा विचारीत नाही, म्हणून सलाबतखान तळघरातच राहतो. आणि हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. कागदास कसर लागावयास शतक लागते. सांगणारा मनुष्य एका पावसाळ्यात जातो. पेडगावास आम्ही पुढच्या वर्षी गेलो तेव्हा देवळापाशी बाबा नव्हते.

परतीच्या वाटेवर नगरास त्याच मामांची रिक्षा पुन्हा मिळाली. शहा डोंगरावर ह्या खेपेस एक तरुण जोडपे आमच्याबरोबर होते, आणि मामा त्यांस सर्व काही दाखवीत होते. भुयारात आता तीन घोडेस्वार जोडीने जात होते. तळघरात आल्यावर मामांनी टॉर्च लावला आणि आमच्याकडे एकवार पाहून म्हणाले, “हा सलाबतखान. राणीचा इमानी दिवाण. मेल्यावरही खाली पहारा देतोय.”

वेढ्याच्या कितीतरी वर्षे आधी वारलेल्या मंत्र्यास मामांनी राणीच्या चाकरीस लावले होते. तारखा आमच्या ओठांवर आल्या होत्या. पण त्या तरुण मुलीने वाकून कबरीकडे पाहिले आणि हळूच ते नाव पुन्हा उच्चारले, तेव्हा आम्ही गप्प राहिलो. तारखा येथे लिहिल्या आहेत.